शनिवार, 23 ऑगस्ट 2025

सोमवारचं काही केल्या डोक्यातून जात नाही. पावणेबाराला मी आणि माझी लेक सई भांडुप स्टेशनच्या पुलावर, पश्चिमेकडून पूर्वेला निघालेल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तिचं दप्तर आणि पायाखाली नुसता राडा. अर्ध्यावर पोचलो तोच ग्रुपवर मेसेज आला, पावसामुळे दुपार अधिवेशनाला सुट्टी. मागे वळायला जागाच नव्हती. गर्दीबरोबर पलीकडे उतरलो, पूर्वेला पाय लावला आणि परत पूल चढलो. घरी आलो तेव्हा दप्तरातली वह्या-पुस्तकं पापडासारखी वाळत घालावी लागली. मंगळवारी तर सगळ्याच शाळा बंद होत्या.

दुरुस्तीसाठी शाळा रुळांपलीकडे हलवली, त्याआधी ती आमच्या गल्लीतच होती. तेव्हा आमच्या खिडकीतून मधल्या सुट्टीचा गोंगाट ऐकू यायचा. सई एकटी जायची. घंटा झाली की चप्पल घालायची, तरी वेळेवर पोचायची.

दुरुस्ती नको असं आमच्यापैकी एकही पालक म्हणत नाही, हे आधी लिहून ठेवते, कारण बाहेरच्यांना तसंच वाटतं. जानेवारीत तिसरीच्या वर्गात छताचा गिलावा पडला. रविवार होता म्हणून निभावलं. तीस वर्षांवरच्या इमारतीला मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, आमच्या शाळेने तर चाळिशी ओलांडलेली. अहवाल आला, सी-2ए. म्हणजे इमारत रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-1 आला असता तर पाडावीच लागली असती. माझे धाकटे दीर बांधकामावर सुपरवायझर आहेत, त्यांनी सांगितलं की आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते. वरून रंग मारला की वर्षभर दिसत नाही इतकंच. आमच्या शाळेला दर मे महिन्यात रंग मारायचे, तेव्हा आम्हाला केवढं कौतुक!

राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. अहवाल मार्चमध्ये आला, मग अख्खी मेची सुट्टी टेंडरात गेली. 9 जूनला सूचना हातात पडली आणि 16 तारखेला शाळा सुरू, रुळांपलीकडच्या दुसऱ्या शाळेत, दुपारी साडेबारा ते पावणेसहा. सकाळचे वर्ग त्यांचे, उरलेली दुपार आमची. चौथीपर्यंतच्या मुलांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये, असा शासन निर्णय 2024 मध्ये निघाला, मुलांची झोप व्हावी म्हणून. आमची झोप होते, तक्रारीला जागा नाही. फक्त सई चौथ्या तासाला बाकावर डोकं टेकते.

मी दवाखान्यात रिसेप्शनला बसते, ओपीडी दहा ते दोन. रोज साडेअकराला उठून जाते आणि एकला परत येते. डॉक्टर अजून काही बोललेले नाहीत, पण हल्ली माझ्याकडे बघण्याआधी घड्याळाकडे बघतात. रिक्षा पुलावरून जात नाही, लांबून वळसा घालते. किमान भाडंच आता 26 रुपये, त्यात पाऊस असला की भांडुपमधला रिक्षावाला मान हलवतो ती नकारार्थीच.

पालकसभेत एका बाबांनी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, कागद काढला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, ती जबाबदारी सरकारची, आमची नाही, आणि हे तर तात्पुरतं आहे. बाईंचा आवाज बसलेला होता. त्याही त्याच पुलावरून येतात.

आता जे कुणाला बोलले नाही ते. शाळा व्यवस्थापन समितीत मी आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला लागतात, त्या निम्म्यांतली मी. मार्चच्या बैठकीत ठराव वाचला गेला, 'दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरते स्थलांतर'. दवाखान्यात परत जायची घाई होती. चहा घेतला, नोंदवहीत सही केली आणि निघाले. कधीपर्यंत, हे मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

शाळा चौथीपर्यंतच आहे आणि सई चौथीत. तात्पुरतं म्हणजे तिचं उरलेलं सगळं वर्ष. वरचा मजला फक्त चौथीचा आणि घंटा द्यायचा मान चौथीच्या मुलांचा. पहिलीपासून तिने हिशोब करून ठेवला होता, आपली पाळी कोणत्या वारी येईल. नव्या जागी घंटा विजेची आहे, आपोआप वाजते.

आज भाजी आणताना ती हट्टाने जुन्या फाटकाशी थांबली. हिरवी जाळी, परांची, पोर्चखाली लोखंडी टेकू. कामावर माणूस एकही नाही, पावसामुळे म्हणे. वॉचमनकाका खुर्चीवर होते. तिने विचारलं, घंटा कुठे आहे?

"आत असेल, बाकांच्या खाली कुठेतरी. दिवाळीनंतर ये बघायला."

कुठली दिवाळी, हे या वेळी मी विचारलं. ते हसले आणि खुर्ची आत ओढून घेतली, पाऊस परत सुरू झाला होता.