साडेचारशेचा गुणाकार

तासभर व्हिडिओ पाहिला तर मोबाइलचा किती डेटा जातो, या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देणे मी आता सोडून दिले आहे. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या अंदाजानुसार सर्वांत कमी दर्जाला तासाला ०.३ जीबीपर्यंत, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे तास तोच, पण खर्चात वीसपटींहून अधिक फरक.

हा फरक ठरतो तो बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती बिट फोनमध्ये उतरतात यावर. बिटरेट एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये सांगतात आणि डेटा पॅक मेगाबाइटमध्ये मोजला जातो, त्यामुळे निम्मा घोळ तेथेच होतो. आठ बिटांचा एक बाइट आणि तासाचे ३६०० सेकंद, असा हिशेब केला की १ एमबीपीएस बिटरेटचा व्हिडिओ तासाला ४५० एमबी खातो. बिटरेटला साडेचारशेने गुणावे, एवढेच मी लक्षात ठेवतो.

मग ७२०पी, १०८०पी हे आकडे कशाचे? ते फक्त चित्रातील ठिपक्यांचे मोजमाप आहे. १०८०पीच्या एका चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात आणि ४८०पीमध्ये सुमारे ४.१ लाख, म्हणजे पाचपट फरक. पण डेटा त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण प्रत्येक चित्र पूर्ण पाठवलेच जात नाही. अधूनमधून एक संपूर्ण चित्र येते आणि त्यानंतरच्या चित्रांसाठी आधीच्यापेक्षा काय बदलले, मुख्यतः तेवढेच पाठवले जाते. त्यामुळे फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या व्याख्यानाचे थोड्या बिटांत भागते, तर कोसळता पाऊस, उसळत्या लाटा किंवा कॅमेरा सतत फिरणारा सामना यांना त्याच स्पष्टतेसाठी कितीतरी अधिक बिट लागतात. शिवाय ही काटकसर किती चांगली जमते, हे कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ आक्रसून पाठवण्याच्या आणि फोनमध्ये पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. २००३ सालच्या एच.२६४ च्या तुलनेत २०१३ सालचे एचईव्हीसी आणि २०१८ सालचे एव्ही१ तेवढ्याच दर्जाचे चित्र बरेच कमी बिट वापरून देतात. मात्र जुन्या फोनला नवे कोडेक पेलत नाही, आणि मग तोच व्हिडिओ त्याच १०८०पीवर पाहणाऱ्या दोघांचा खर्च वेगळा होतो.

आवाजाची चिंता करू नये. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटच्या आवाजाला तासाला जेमतेम ५८ एमबी लागतात.

‘ऑटो’ या पर्यायाविषयी मात्र माझे मत फारसे चांगले नाही. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा हे ॲप मुख्यतः नेटचा वेग पाहून ठरवते. तुमच्या पॅकमध्ये किती डेटा उरला आहे, हे ते विचारात घेत नाही. नेट वेगवान झाले की पॅक लवकर संपतो, तो यामुळेच. हातातल्या फोनच्या पडद्यावर ४८०पी मला पुरते, म्हणून मोबाइल डेटावर मी तेच कायम ठेवतो. पुढचे तुकडे आधीच उतरवलेले असल्यामुळे दोन मिनिटे पाहून सोडून दिलेल्या व्हिडिओचाही न पाहिलेला काही भाग आपल्या खात्यावर पडतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

खात्री करायची असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲपनिहाय डेटावापर दिसतो. मी आधीचा आकडा टिपून एक मोठा व्हिडिओ नेमका दहा मिनिटे पाहिला आणि पुन्हा आकडा पाहिला: १८० एमबी वाढले होते. सहाने गुणल्यावर तासाला १०८० एमबी आणि साडेचारशेने भागल्यावर २.४ एमबीपीएस, खरा बिटरेट त्याहून किंचित कमीच असणार, कारण त्या १८० मध्ये अकराव्या मिनिटाचे काही तुकडेही होते.