ग्दिनिया: बांधाच्या भांडणातून उभं राहिलेलं बंदर

पोलंडमधल्या ग्दान्स्कहून लोकल पकडली, सोपोतला बहुतेक सगळे बीचवाले उतरले, मी मात्र पुढे ऑर्वोवोला उतरून समुद्राच्या कडेने उलटा सोपोतकडे चालत आलो कारण मला एक ओढा बघायचा होता. स्वेलिना. एवढासा ओढा, पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हीच हद्द होती, अलीकडे पोलंड, पलीकडे डांझिग, म्हणजे आजचं ग्दान्स्क, तेव्हा एक वेगळं स्वतंत्र शहर-राज्य.

डांझिगची जकात पोलंडच्या हद्दीत धरलेली, पण शहर जर्मन लोकांचं. १९२० मध्ये पोलंड रशियाशी लढत असताना तिथल्या गोदी कामगारांनी पोलंडचा दारूगोळा उतरवायलाच नकार दिला, मग पोलंडने ठरवलं की आपलं बंदर आपणच बांधायचं, तेही ग्दिनिया नावाच्या कोळीवाड्यात! १९२२ ला संसदेत कायदाच केला.

खरी मजा १९२५ ची. पोलंडकडे आलेल्या वरच्या सिलेशिया या खाणींच्या भागातला कोळसा जर्मनीने तीन वर्षं बिनजकात घ्यायचा असा करार होता, जूनमध्ये मुदत संपली आणि जर्मनीने दार लावून घेतलं. हिशोब सोपा होता, कोळसा साचेल, पोलंड नाक घासत येईल. पोलंडनेही जर्मन मालावर बंदी घातली, झालं, जकातयुद्ध सुरू. आणि नशीब बघा, १९२६ मध्ये ब्रिटनच्या खाणकामगारांनी संप केला, स्कँडिनेव्हियाला कोळसा मिळेना, पोलंडला गिऱ्हाईक मिळालं. पण माल न्यायचा कुठून? पोलंडचे उद्योग-व्यापार मंत्री क्वियात्कोव्स्कींनी ग्दिनियाच्या कामाला जोर लावला, फ्रेंच पैशातून सिलेशिया ते ग्दिनिया कोळशासाठी रेल्वे टाकली, ती १९३३ ला पूर्ण झाली आणि मुद्दाम डांझिगची हद्द टाळून नेली. खुन्नस म्हणजे काय ते नकाशात दिसतं.

१९३४ च्या जानेवारीत वॉर्सा-बर्लिनने एकमेकांवर बळ न वापरण्याचं जाहीर केलं, मार्चमध्ये जकातयुद्ध मिटलं. मैत्री कसली, पाच वर्षांत काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे.

ग्दिनियात उतरलात तर जुनं सागरी स्टेशन, म्हणजे जहाजाच्या प्रवाशांचं टर्मिनल, बघाच, आता तिथे स्थलांतराचं म्युझियम आहे. १९३६ पासून इथून ‘बातोरी’ जहाज न्यूयॉर्कला जायचं, आणि युद्धानंतर १९५१ पासून चक्क मुंबईला! मी तिथूनच बाबांना फोन लावला, तर ते म्हणाले, "हो का, आणि जेवलास का तू?"