गवतातली मान

जैसलमेरला चाललोय म्हटल्यावर प्रत्येकाने एकच विचारलं, ‘उंटावर बसणार ना?’ नाही बसलो. मला माळढोक पक्षी बघायचा होता.

आम्ही सोलापूरचे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं, घरापासून वीसेक किलोमीटरवर. तिथे मी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. काळवीट पोटभर दिसले, माळढोक एकदाही नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "आता राजस्थान गाठ."

डेझर्ट नॅशनल पार्क जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३१६२ चौरस किलोमीटर पसरलंय. फोटोतल्या त्या वाळूच्या टेकड्या म्हणजे त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेला सगळा खडकाळ माळ आणि गवत. सम गावच्या टेकड्यांवरचा जीप-उंटांचा गोंधळ मागे टाकून सुदासरीकडे वळलो आणि मला चक्क घरी आल्यासारखं वाटलं! फक्त बाभळीऐवजी खेजडी आणि केर, कुसळीऐवजी सेवण गवताचे ठोंब.

डिसेंबरची सकाळ, बोटं बधिर. जीपवाले काका वाटेत बिळं दाखवत होते. सांडा, म्हणजे वाळवंटातला एक मोठा सरडा, थंडीत बिळाचं तोंड बुजवून आत पडून राहतो. चिंकारांचा एक कळप आडवा गेला. माद्यांनाही शिंगं असतात, नराहून बारीक.

मग काकांनी इंजिन बंद केलं. "गोडावण," एवढंच म्हणाले. इकडे माळढोकाला हेच नाव.

मला आधी काहीच दिसेना. मग गवतातून एक फिकट मान वर आली, वर काळी टोपी. शेजारी दुसरी. चार पावलं, थांबा, टोच, पुन्हा चार पावलं. दुर्बिणीच्या काचेवर माझाच श्वास साचत होता, तो पुसण्यात निम्मा वेळ गेला.

परतताना क्षितिजावर पवनचक्क्या आणि विजेच्या तारा. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरचं त्याला कमी दिसतं. त्यात पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोपर्यंत भरतो. तार जवळ आल्यावर कळलं तरी एवढं धूड वळणार कसं? मादी बहुतेक वेळा एका खेपेला एकच अंडं घालते, त्यामुळे तारेवर गेलेला एकेक पक्षी भरून यायला फार वेळ लागतो. तारा जमिनीखाली घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं होतं. २०२४ मध्ये तो आदेश सैल केला. या तारांतून जाणारी सौर आणि पवनऊर्जाही हवीच, हे मला पटतं. तरी त्या तारांखालून जाताना राग आलाच.

सममध्ये माळावरची अंडी आणून पिल्लं वाढवण्याचं केंद्र आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. पण तिथे पर्यटकांना प्रवेश नाही, आणि ते बरंच आहे.

रात्री बाबांना फोन लावला.

"दिसला?"

"दोन दिसले."

"जोडी होती का रे?"

"नाही बाबा, दोन्ही माद्या."