व्यवहार मोडला, बिल आलं

"व्यवहार झाला नाही, पण काम तर झालंय ना." वकीलबाई फोनवर शांतपणे म्हणाल्या आणि बिल पाठवलं.

विकणाऱ्यांनी ऐनवेळी माघार घेतली. घर हातचं गेल्याचं दुःख आहेच, पण आज दिवसभर डोक्यात घोळत राहिलं ते हे बिल. एकेक ओळ वाचत गेले. मालकीची जुनी कागदपत्रं तपासणं, घरावर कुणाचं कर्ज किंवा दावा आहे का ते शोधणं, कराराचा मसुदा, समोरच्या वकिलांशी पत्रव्यवहार. सगळं खरंच झालं होतं. त्यांच्या मेहनतीचे पैसे द्यायलाच हवेत, आणि मी दिलेही.

खटकतंय ते वेगळंच. करारावर सह्या झालेल्या नसतील, तर माघार घेणारा बहुतेक वेळा मोकळा सुटतो. त्याच्या एका नकाराचा भुर्दंड दुसऱ्याला. शिवाय तो शोध अहवाल त्याच घराचा! पुढच्या घरासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

काही वकील टप्प्याटप्प्याने फी घेतात, काही जण व्यवहार फिसकटला तर कमी घेतात. पण हे आधी बोलून, लिहून ठेवलेलं असावं लागतं. माझी एक मैत्रीण सध्या घर शोधतेय, तिला संध्याकाळी मुद्दाम फोन करून सांगितलं: मध्येच मोडलं तर किती द्यायचे, हे पहिल्याच भेटीत विचार.

आणि माघार घेणाऱ्याने समोरच्याचा निदान अर्धा खर्च उचलावा, असं सुरुवातीलाच लिहून घेतलंय का तुमच्यापैकी कुणी?