एका निशिगंधवाल्यानं पाहिलेले ट्युलिप

फूल तोडलं नाही, वास घेतला नाही, भाव विचारला नाही आणि तरी सलग चार तास फुलांत काढले, असं मी गावी जाऊन सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. निशिगंधाची बावीस वर्षं शेती केलेला माणूस मी. फुलांकडे बघायचं म्हणजे तोड किती निघेल ते बघायचं, एवढंच मला ठाऊक. पण मे महिन्यात कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, लेकीकडे असताना तिथल्या ट्युलिप महोत्सवाला दोन खेपा झाल्या, त्याची ही हकिगत.

एप्रिलमध्ये आम्ही उतरलो तेव्हा इथल्या झाडांना एक पान नव्हतं. "सगळी वठलीत की काय?" असं आमच्या हिनं विमानतळावरून येतानाच विचारलं होतं. मग तीन आठवड्यांत काय झालं कुणास ठाऊक, कोणीतरी कळ दाबावी तशी पालवी फुटली.

पहिली खेप रविवारची. तो नेमका इथला मातृदिन निघाला. अख्खं शहर आईला घेऊन डाऊज लेकच्या काठी आलेलं. गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून जावयांनी आम्हाला एका कोपऱ्यावर उतरवलं आणि ते गेले ते पाऊण तासानं उगवले. तापमान ९ अंश, वर तळ्यावरचा वारा. मी माकडटोपी चढवली. लेक म्हणाली, "बाबा, फोटोपुरती तरी काढा." काढली नाही. त्यामुळे त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत मागे लाल-पिवळे ट्युलिप आणि पुढे महाबळेश्वरला हरवलेला पर्यटक असा देखावा आहे. गर्दीत बघायला काही मिळालं नाही. ही गोष्ट मात्र मनात राहिली की तिकीट नाही, दार नाही, रस्त्यावरून चालत यावं आणि थेट फुलांत शिरावं.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघंच, बुधवारी सकाळी, बसनं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. कमिशनर्स पार्क म्हणजे तळ्याच्या काठाकाठानं लांबत गेलेली बाग. तळं म्हणतात खरं, पण मुळात ही दलदलच. कर्नल बाय नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं रिडो कालवा खोदला, तो १८३२ साली पुरा झाला. त्या कामात बांध घातला, दलदल पाण्याखाली गेली आणि तळं झालं. हिवाळ्यात कालवा गोठतो आणि लोक त्याच्यावर स्केटिंग करतात, तेही जवळजवळ ८ किलोमीटर. मला हे ऐकून आधी पाणी वाया गेल्यासारखं वाटलं. सवय!

या एका बागेत ३ लाखांच्या आसपास ट्युलिप असतात, शहरभरचे धरले तर १० लाख. आकडा ऐकून माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल तर मजुरी. हे लावले किती माणसांनी?

वाफे बघत फिरलो. सरी नाही, वरंबा नाही. लांबट, वळणाचे वाफे आणि कंद अगदी दाटीनं. एक वीत जागेत मी चार-पाच फुलं मोजली. आम्ही निशिगंध लावताना कंदाकंदात वीतभर अंतर सोडायचो, कारण तो कंद जागेवर दोन-तीन वर्षं राहायचा, त्याला पिलं फुटायची. इथे तसा संसार मांडायचा नाही, एकदाच फुलून दाखवायचं. पुढच्या वर्षी ट्युलिपचा बहर बराच उतरतो, म्हणून पुष्कळ सार्वजनिक बागांत फुलं सरली की कंद काढून टाकतात आणि नवे लावतात.

एका वाफ्यात एक बाई गुडघ्यांवर बसून वाकलेली फुलं काढत होत्या. हिरवे हातमोजे, कमरेला कात्री. माझं इंग्रजी बँकेत फॉर्म भरण्यापुरतं, पण कंदाबद्दल विचारायला इंग्रजी कितीसं लागतं? मी हातानं खोली विचारली. त्यांनी मनगटापर्यंत हात मातीत गेल्याची खूण केली. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, हे माझ्या अंदाजाशी जुळलं. लावणी कधी, तर ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आत. आणि मग सहा महिने? त्या हसल्या आणि दोन्ही हात गालाखाली ठेवून झोपल्याची खूण केली.

ही झोप मला फार आवडली. आमचा निशिगंध कडक थंडीत आखडतो, दांडे येईनासे होतात. ट्युलिपचं उलटं. १२ ते १६ आठवडे चांगली थंडी खाल्ल्याशिवाय त्याचा दांडा नीट वर येतच नाही. गव्हा-हरभऱ्याला थंडी मानवते हे आपण जाणतोच, पण इथे वर दोन हात बर्फ आणि खाली कंद पुढची तयारी करतोय. तेवढ्यात एक काळीकुळकुळीत खार वाफ्यातून पळाली आणि त्या बाईंनी माझ्या बांधावरच्या म्हातारीसारखा हात उगारला. खारी ट्युलिपचे कंद उकरून खातात. शेजारच्या डॅफोडिलच्या कंदाला तोंड लावत नाहीत, तो विषारी असतो. म्हणजे आमच्याकडे रानडुक्कर, इकडे खार. शेतकऱ्याचा पाहुणा सगळीकडे ठरलेला.

पुढे या महोत्सवाची गोष्ट सांगणारी पाटी होती. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. मी हळूहळू वाचत होतो, ही मागे उभी राहून "पुढे?" म्हणत होती.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नेदरलँड्स घेतलं, तेव्हा तिथली राजकन्या युलियाना १९४० साली दोन मुलींना घेऊन ओटावात आश्रयाला आली. तिसरी मुलगी इथल्या इस्पितळात झाली, १९ जानेवारी १९४३ ला. आता कॅनडाच्या मातीवर जन्मलं की मूल कॅनडाचं, आणि राजघराण्यातल्या मुलीला तर फक्त डच राहायचं होतं. मग इथल्या सरकारनं काय केलं, तर इस्पितळातल्या तिच्या खोल्याच तेवढ्या दिवसांपुरत्या कॅनडाच्या हद्दीबाहेर काढल्या. संसदेच्या मनोऱ्यावर त्या दिवशी डच झेंडा लागला.

"म्हणजे बाळंतिणीची खोली वेगळी, तसंच की," ही म्हणाली.

मुलीचं नाव ठेवलं मार्गरीट. ते ट्युलिपचं नाव नव्हे, पांढऱ्या डेझीचं. जर्मनांच्या विरोधात असल्याची खूण म्हणून डच लोक ते फूल अंगावर लावायचे. पुढे कॅनडाच्या सैनिकांनी नेदरलँड्सचा बराचसा भाग सोडवला आणि १९४५ च्या हिवाळ्याआधी १ लाख कंद ओटावाला भेट म्हणून आले. दरवर्षी कंद पाठवायची रीत तेव्हापासून आजवर चालू आहे. १९५३ साली महोत्सव सुरू झाला, तो मलाक कार्श या छायाचित्रकाराच्या सूचनेवरून. इथला प्रत्येक माणूस फोन वर धरून का चालतो, ते मला तेव्हा कळलं.

जावयांनी आदल्या रात्री एक गोष्ट सांगितली होती, ती मला पाटी वाचताना आठवली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात डच शहरांत इतकी उपासमार झाली की लोकांनी ट्युलिपचे कंद शिजवून खाल्ले. मधला कोंब काढून, कारण तो बाधतो. म्हणजे त्या वर्षी जे पोटात गेलं, तेच पुढच्या वर्षी भेट म्हणून बोटीत चढलं. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी, दोन्हीची चव मला अजून सांगता येते. बियाणं खायला काढताना आईचा चेहरा कसा झाला होता, तेही. या पाटीपुढे मी बराच वेळ उभा राहिलो.

बागेत एक उंच पुतळाही आहे, दोन्ही हात वर आणि दोन्ही हातांत एकेक टोपी. याचा जुळा नेदरलँड्समध्ये आपेलडोर्नला आहे. इथला २००२ साली त्याच मार्गरीटनं उघडला. एका माणसाला दोन टोप्या कशाला, हे मी हिला विचारलं. तिनं माझ्या माकडटोपीकडे बघितलं आणि काही बोलली नाही.

ऊन वर आलं तशी फुलं उघडायला लागली. सकाळी आलो तेव्हा सगळी मुठी मिटून होती. गारठ्यात मिटायचं, उबेला उघडायचं, असा त्यांचा रोजचा नेम. एका लाल फुलात मी वाकून पाहिलं. सहा पाकळ्या, तीन बाहेर आणि तीन आत. तळाशी काळी चांदणी, तिला पिवळी किनार, पैठणीच्या काठाला असते तेवढीच बारीक. सहा काळे केसर, परागांची पूड खाली सांडलेली, काजळ सांडावं तशी. मधोमध तीन कंगोऱ्यांचा हिरवा दांडा. पावसाचा एक थेंब आत अडकला होता आणि त्यात एक माशी पाय ओढत होती. मी काडीनं तिला बाहेर काढली. वास मात्र नाही. काही जातींना असतो म्हणे, मी वाकून वाकून कंटाळलो.

निशिगंधाचं मला असं कधी दिसलंच नव्हतं. पहाटे साडेतीनला बॅटरी लावून तोडणी, सहाच्या टेम्पोला पाट्या, दुपारी पुण्याच्या मार्केट यार्डातून फोन. लग्नसराईत किलोला बरा भाव, आणि पितृपक्षात विक्रीच्या हिशेबाची अशी पट्टी यायची की टेम्पोचं भाडंही सुटायचं नाही. एकदा अडत्यानं माल वजन न करताच ओतून दिला होता. तेव्हा फुलाच्या आत काय आहे हे बघायला कुणाला फुरसत?

परत निघताना हिला वाटेवर एक ट्युलिप सापडला. रात्रीच्या वाऱ्यानं मोडलेला, गुलाबी, कडांना झालर. तिनं इकडेतिकडे बघून तो पदराआड घेतला. मी म्हटलं, अगं, त्या बाईंना विचारू तरी. त्यांनी लांबूनच हात हलवून न्या म्हटलं.

बसमध्ये वाद सुरू. मी म्हटलं, घरी देवापुढे ठेव. ही म्हणाली, खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही. मी म्हटलं, प्राजक्त चालतो. "प्राजक्त आपला आपण पडतो. हा मोडलाय." वर वासही नाही, म्हणजे दोन्हीकडून नापास. शेवटी तो स्वयंपाकघरातल्या खिडकीत, स्टीलच्या पेल्यात बसला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर फूल खिडकीकडे मान वळवून उभं. शिवाय मला ते उंच वाटलं. हिला म्हटलं तर म्हणाली, तुम्हाला काहीही वाटतं. मग नातीची पट्टी मागून घेतली, तीही सेंटिमीटरची. पेल्याच्या काठापासून फुलाच्या बुडापर्यंत ११. तिसऱ्या दिवशी १२ आणि वर दोन रेघा. पाचव्या दिवशी पावणेचौदा. तोडलेला ट्युलिप पाण्यात वाढत राहतो, हे जावयांनी फोनवर शोधून सांगितलं. नातीनं फ्रिजवर तक्ता लावला. रोज सकाळी दूध घेण्याआधी मोजणी.

सातव्या दिवशी पाकळ्या गळाल्या. मधला तीन कंगोऱ्यांचा दांडा तेवढा उरला. मी पेला उचलून मोरीकडे निघालो, तर ही म्हणाली, "राहू द्या हो. उद्या मोजल्यावर टाकू."