पितळ, स्टील की लाकूड? रेझोनेटर गिटारच्या बॉडीबद्दल थोडं सविस्तर

रेझोनेटर गिटार घ्यायची ठरली की पहिला प्रश्न बॉडीचा येतो. पितळेची घ्यावी, स्टीलची की लाकडी? प्रश्न योग्य आहे, पण त्याचा नंबर चौथा लागतो. आवाज ठरतो तो आधी ब्रिजच्या (तारा बॉडीवर ज्यावर टेकतात त्या भागाच्या) रचनेने, मग ॲल्युमिनियमच्या शंकूने, मग जुळवणीने. बॉडी कशाची आहे हे त्यानंतर. पहिल्या तिघांत कुठे खोट असेल तर पितळ आणि स्टील यांतला फरक ऐकूच येत नाही. ते तिन्ही जागेवर असतील तर मात्र तो फरक स्पष्ट ऐकू येतो, आणि ऐकायला फार सुंदर असतो.

एका शब्दाचा खुलासा आधीच करतो. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्याला वादक ‘कोन’ म्हणतात. पुढे तारेच्या कोनाबद्दलही बोलायचं आहे, म्हणून घोटाळा नको. इथे त्याला शंकू म्हणू.

साध्या गिटारमध्ये तारेची ताकद ब्रिजवाटे वरच्या लाकडी पाटीत जाते आणि ती पाटीच बोलते. रेझोनेटरमध्ये त्या पाटीला जवळपास 10 इंचांचं भोक पाडलेलं असतं आणि आत शंकू बसवलेला असतो. बोलतो तो शंकू. त्यामुळे ‘स्प्रूस असा वाजतो, सीडार तसा वाजतो’ हे साध्या गिटारचं ज्ञान इथे जसंच्या तसं चालत नाही.

शंकूच्या रचना मुख्यतः तीन. जॉन डोपेरा यांच्या आराखड्यावरून नॅशनल कंपनीने 1927 मध्ये आणलेली ट्रायकोन: तीन छोटे शंकू, प्रत्येकी साधारण 6 इंचांचे, आणि त्यांना जोडणारा इंग्रजी टी अक्षरासारखा ॲल्युमिनियमचा ब्रिज. दुसरी बिस्किट: 9.5 इंचांचा एकच शंकू, टोक वर, आणि त्या टोकावर लाकडी चकती; चकतीच्या खाचेत सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. तिसरी स्पायडर, म्हणजे डोब्रो या ब्रँडची पद्धत: 10.5 इंचांचा शंकू परातीसारखा उलटा, त्याच्या काठावर आठ पायांचा धातूचा सांगाडा, ‘कोळी’, आणि मधला स्क्रू शंकूच्या मध्यावर टेकलेला. बिस्किटचा आवाज झटकन उसळतो आणि लवकर ओसरतो. ट्रायकोन उशिरा फुलते पण तिची आस, म्हणजे छेडल्यानंतर स्वर रेंगाळणं, लांब. स्पायडरचा स्वर किंचित नाकातला आणि टिकाऊ.

बॉडीबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ इथेच आहे. नॅशनलच्या सुरुवातीच्या ट्रायकोन जर्मन सिल्व्हरच्या होत्या. ड्युओलियन हे स्वस्त मॉडेल 1930 साली आलं ते स्टीलचं, रंग दिलेलं, बिस्किट ब्रिजचं. स्टाइल ओ मुख्यतः निकेल चढवलेल्या पितळेची, तीही बिस्किट. डोब्रो बहुतांश लाकडी आणि स्पायडरची. म्हणून ‘जर्मन सिल्व्हर गोड’ असं कुणी म्हणतं तेव्हा त्याच्या कानात ट्रायकोन असते, आणि ‘लाकडाला आस जास्त’ म्हणणाऱ्याच्या कानात स्पायडर. धातूच्या नावावर खपलेली कीर्ती अर्धी रचनेची आहे. लाकडी बॉडीतली बिस्किट, पितळेची ट्रायकोन, धातूच्या बॉडीतली स्पायडर या जोड्याही बनल्या आहेत. त्या ऐकल्या की ओळखीचा स्वभाव ब्रिजच्या बाजूने जातो आणि बॉडी त्यावर फक्त रंग चढवते.

तो रंग चढतो कसा? बॉडीला तीन कामं असतात: शंकूचा काठ घट्ट धरून ठेवणं, आतली हवा कोंडून छिद्रांवाटे सोडणं आणि स्वतः थोडंसं घुमणं. पहिल्या कामात जाडी आणि सांधे महत्त्वाचे, दुसऱ्यात पोकळीचं आकारमान आणि छिद्रांचा आकार. धातू खऱ्या अर्थाने तिसऱ्या कामात दिसतो, मुख्यतः पाठीच्या पत्र्यात, कारण तोच सगळ्यात मोठा सलग भाग.

थोडा हिशोब करू. पत्रा वाकून घुमतो तेव्हा त्याची वारंवारता दोन गोष्टींवर जाते: जाडीवर सरळ प्रमाणात, आणि ताठपणाला घनतेने भागून आलेल्या आकड्याच्या वर्गमुळावर. ताठपणा स्टीलचा सुमारे 200 गिगापास्कल, पितळेचा 100 ते 110, जर्मन सिल्व्हरचा 125 च्या आसपास. घनता त्याच क्रमाने 7.85, 8.5 आणि 8.7. म्हणजे त्याच आकाराच्या, त्याच जाडीच्या पितळी पाठीचा एखादा घुमारा 200 हर्ट्झवर असेल, तर जर्मन सिल्व्हरमध्ये तो 215 च्या आसपास जातो आणि स्टीलमध्ये 285 च्या. ओपन जी ट्यूनिंगमधली (तारा मोकळ्या छेडल्या तरी जी कॉर्ड वाजते, त्या ट्यूनिंगमधली) मोकळी तिसरी तार 196 हर्ट्झची असते, हे लक्षात घेतलं की मुद्दा कानाला कळतो. पितळेची पाठ खालच्या-मधल्या पट्टीत साथ देते, म्हणून स्वराला अंग येतं. स्टीलची पाठ तीच साथ जवळपास सहा अर्धस्वर वर देते, म्हणून स्वर टोकदार, ठसकेबाज लागतो आणि खर्ज आटोपशीर राहतो.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट निघते, आणि मला ती पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. पितळ आणि जर्मन सिल्व्हर यांत फरक सुमारे 8 टक्क्यांचा. 1 मिमीऐवजी 0.92 मिमीचा पत्रा वापरला तर जर्मन सिल्व्हर बरोबर पितळेच्या जागी येऊन बसतं. पत्रा आकाराला आणताना कडांना तेवढा पातळ होऊ शकतोच. तेव्हा या दोन धातूंमध्ये नुसत्या नावावरून निवड करण्यात अर्थ नाही. पत्र्याची जाडी विचारावी. स्टील आणि पितळ यांतलं अंतर मात्र इतकं मोठं आहे की जाडीतल्या लहानसहान फरकाने ते पुसलं जात नाही.

नावांचा उल्लेख निघालाच आहे तर: जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते; ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. आणि जाहिरातीत दिसणारं ‘बेल ब्रास’ म्हणजे घंटेचा धातू नव्हे. घंटा कांशाची असते, तांबं आणि कथील यांची. बेल ब्रासच्या गिटारचा पत्रा पितळेचाच. वरचा निकेल किंवा क्रोमचा थर मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका, त्याने आवाज बदलत नाही. जाड रंगाचा थर चकाकी किंचित मारतो, पण रंगीत स्टील आणि मुलामा दिलेलं पितळ यांतल्या फरकाचं श्रेय रंगाला देणं बरोबर नाही.

लाकडाचं गणित वेगळं. 3 मिमी महोगनीचं वजन चौरस मीटरला दीड-पावणेदोन किलो, तर 1 मिमी पितळेचं साडेआठ. बॉडी हलकी म्हणून शंकूच्या काठातून जास्त ताकद लाकडात उतरते, आणि लाकूड ती धातूपेक्षा खूप लवकर गिळतं. वरचा खणखणाट आधी विझतो, मधला भाग उरतो. कानाला ऊब वाटते ती याच गोष्टीमुळे. मॅपल जड आणि कठीण, त्याचा स्वर सुटा. महोगनीचा मऊ, गोलाईचा.

पण लाकडी गिटारमध्ये जातीइतकाच, माझ्या मते जातीपेक्षा जास्त, फरक आतल्या बांधणीने पडतो. जुन्या पद्धतीत शंकूखाली प्लायवुडचं गोल कडं असतं, साउंडवेल. त्याला खिडक्या कापलेल्या असतात. ते शंकूला पाठीपासून तोडतं आणि आतली हवाही अडवतं. अशा गिटारमध्ये बॉडी प्लायवुडची की सलग लाकडाची याने फार बिघडत नाही. नव्या पद्धतीत कडं काढून जागोजाग खांब देतात आणि वरची पाटी पाठीशी जोडतात. मग पाठ मोकळी घुमते, खर्ज वाढतो, आणि तिथे सलग महोगनी, अक्रोड की मॅपल हे खरोखर ऐकू येतं. साउंडवेलच्या गिटारसाठी महागडं सलग लाकूड निवडणं मला पैशाचा अपव्यय वाटतो.

आपल्या गिटारची बॉडी किती बोलते हे तपासणं सोपं आहे. तारा तळव्याने दाबून धरा आणि बोटाच्या पेराने पाठीवर मधून काठाकडे टकटक करत जा. पितळेची पाठ मध्यावर ‘टंऽ’ करून रेंगाळते, काठाजवळ ‘टक्’ होऊन थांबते. मग खुर्चीत बसून पाठ पोटापासून चार बोटं लांब धरा, तिसरी तार मोकळी छेडा आणि आस चालू असतानाच पाठ अंगाला टेकवा. स्वर लगेच आखडला तर पाठ बोलत होती. काहीच बदललं नाही तर त्या गिटारमध्ये बॉडीचा वाटा कमी. पोटाला चिकटवून वाजवणाऱ्याने पितळेसाठी जादा पैसे मोजले असतील तर त्यातले बरेचसे तो स्वतःच्या शर्टात घालवतो, म्हणून गिटार किंचित तिरकी धरावी.

दोन बॉडींची खरी तुलना करायची तर शंकू एकच हवा. बिस्किटच्या दोन गिटारी घ्या, एक स्टीलची आणि एक पितळेची. दोन्हींवर त्याच जाडीच्या नव्या तारा चढवा. ओपन जी साठी 0.016 ते 0.056 इंचांचा संच चालतो. तारा हळूहळू सैल करा, एकदम सोडू नका. कव्हरप्लेट, म्हणजे शंकूवरचं छिद्रांचं झाकण, काढण्याआधी शंकूचा काठ आणि बॉडीचा कठडा यांवर पेन्सिलीने जुळती खूण करा. शंकू काचेवर पालथा ठेवून कडेने टॉर्च मारा. काठाखालून प्रकाश येत असेल तर तो शंकू तुलनेच्या कामाचा नाही, कुठल्याही बॉडीत खरखरेल. कठडा कोरड्या फडक्याने पुसा, शंकू खुणेप्रमाणे बसवा, तारा ताणा. कव्हरप्लेटचे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि बसले की थांबा. जास्त पिळले तर प्लेट वाकते आणि नवीच खरखर सुरू होते. नंतर निदान एक दिवस थांबा. ताणाखाली शंकू बसायला वेळ घेतो आणि पहिल्या तासातला आवाज फसवा असतो.

इथे बहुतेकांचं गणित चुकतं ते सॅडलच्या उंचीत. दोन गिटारींच्या नेकचा कल वेगळा असतो, त्यामुळे तोच शंकू आणि तेच सॅडल असूनही तार सॅडलवरून टेलपीसकडे, म्हणजे तारांची टोकं अडकवतात त्या पट्टीकडे, वेगळ्या कोनात उतरते. कोन उथळ असेल तर दाब कमी पडतो आणि आवाज पोकळ येतो. फार खडा असेल तर आवाज गुदमरतो, आणि जाड तारांखाली शंकू दबून खचूही शकतो. सॅडलवरचा कोन मोजून सारखा केल्याशिवाय ऐकलेला फरक धातूच्या नावावर लिहू नये.

धातूच्या माथी मारले जाणारे दोष इतरही आहेत. धातूच्या बॉडीत नेकची काठी शंकूखालून शेपटापर्यंत जाते आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकते. ठोकळे सुकून सैल झाले की स्वर मेल्यासारखा होतो, आणि मालक म्हणतो, ‘स्टील पातळ आहे’. पाठ आणि कड यांच्या सांध्यातलं सोल्डर एका जागी सुटलं तरी ठरावीक एकाच स्वराला झिणझिण येते. त्या स्वराला बोटाने सांधा दाबत फिरलं की जागा सापडते. स्पायडरमध्ये मधला स्क्रू ढिला असेल तर आवाज बारीक आणि पत्र्याच्या डब्यासारखा. स्क्रू शंकूला टेकल्याचं जाणवलं की पाव ते अर्धा फेरा पुरतो. त्यापुढे पिळला तर कोळ्याचे पाय काठावरून उचलले जातात, आणि मग लाकूड कितीही भारी असो, खरखर थांबत नाही.

निवडीबद्दल विचाराल तर: स्लाइड (तारांवर नळी सरकवत वाजवणं), जाड तारा, जोरकस अंगठा आणि एकट्याने गायकी असेल तर बिस्किट आणि स्टील. बोटांनी नाजूक वाजवायचं, स्वर एकमेकांत मिसळू द्यायचे तर ट्रायकोन. पितळ की जर्मन सिल्व्हर हे तिथे दुय्यम. मांडीवर आडवी ठेवून बँडमध्ये वाजवायची तर स्पायडर, लाकडी आणि खांबांची. धातूची गिटार साडेतीन किलोच्या आसपास भरते, तेव्हा उभं राहून तासभर वाजवणाऱ्याने वजनही हातात घेऊन पाहावं. बनवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: पत्रा किती मिमी, पाठीचा सांधा कसा केला आहे, आणि शंकू फिरवून घडवलेला आहे की ठशावर दाबलेला. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने आवाजात जेवढा फरक पडतो तेवढा धातू बदलून क्वचितच पडतो, आणि शंकू नंतर बदलता येतो.

तारा बदलताना एका वेळी एकच काढावी, म्हणजे शंकूवरचा दाब कायम राहतो आणि तो जागेवरून सरकत नाही. कव्हरप्लेट कधी उघडलीच तर स्टीलच्या बॉडीत टॉर्च मारून आतून गंज धरला आहे का ते पाहावं. स्पायडरच्या परातीत तुटलेल्या तारेचा तुकडा पडलेला नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्यावं.