ताई, पीडीएफ पाठवा ना!

नागपुरात हल्ली पुस्तकाची तारीफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि तारीफेच्या खालीच पुस्तक चिकटवलेलं असतं. ‘ताई, तुमचं पुस्तक वाचून राहिलो, एक नंबर!’ आणि खाली माझ्याच पुस्तकाची अख्खी पीडीएफ. कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा दिसतो. पान ८३ गायब.

पुस्तक काटोल-नरखेडकडच्या संत्र्यावर. आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांत बागा पालथ्या घातल्या, तेही पदरमोड करून. किंमत २५० रुपये, मला मिळतात दहा टक्के. लोकांना वाटतं, ताई त्या पंचवीस रुपयांसाठी चिडल्या. जाऊ द्या ते पंचवीस! प्रकाशकांना दुसऱ्या आवृत्तीचं विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, पीडीएफ घरोघरी पोचली. छापून ठेवू कुठे?’ मला तर कोळशीचं, म्हणजे संत्र्याची पानं-फळं काळी पाडणाऱ्या रोगाचं, प्रकरण नव्याने लिहायचं होतं. आता सुधारलेलं पुस्तक निघत नाही आणि जुनं गावोगाव फिरतं, त्यातही फवारणी कधी घ्यायची ते नेमकं गळालेल्या पानावर. उद्या कुणाची बाग गेली तर नाव माझंच घेतील.

एका भाच्याने वाद घातला, ‘पुस्तक वाचायला देता, मग फाईल दिली तर काय बिघडलं?’ अरे, पुस्तक दिलं की माझं कपाट रिकामं होतं. फाईल दिली तरी तुझ्याकडे राहतेच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रत काढण्याचा हक्क लेखकाचा आहे, त्यात इलेक्ट्रॉनिक साठवणही आली. स्वतःच्या अभ्यासापुरती मुभा कलम ५२ देतंच. दिल्ली विद्यापीठात अभ्यासाच्या पुस्तकांतली पानं झेरॉक्स करून देणाऱ्या दुकानावर प्रकाशकांनी खटला भरला, त्यात २०१६ साली न्यायालय विद्यार्थ्यांच्या बाजूने उभं राहिलं, ते मला पटलं. अंध वाचकांसाठी २०१२च्या दुरुस्तीने दिलेली सवलतही पटते. पण चारशे जणांच्या ग्रुपवर पुस्तक टाकणं हा कुठला अभ्यास, बाप्पा?

अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालय चालवणाऱ्या संस्थेने २०२०च्या टाळेबंदीत स्कॅन केलेली पुस्तकं प्रतीक्षायादी न ठेवता हव्या तितक्यांना वाचायला दिली. लेखक संघटना खवळल्या, प्रकाशक कोर्टात गेले आणि २०२४मध्ये संस्था अपिलातही हरली. तिथे निदान कोर्टात उभं करायला एक संस्था तरी होती. इथे ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘मला पण फॉरवर्डच आली.’

फुकट वाटायला माझा विरोध नाही. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तकं १ जानेवारी २०१७पासून कुणीही छापू शकतो. दीक्षाभूमीवर ती स्वस्तात मिळतात तेव्हा मी स्वतः पिशवी भरून आणते. कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं धरतो. माझी साठ मोजायला आधी मी मरायला तर हवी!

कोळशीचं प्रकरण आता मीच छोटं ई-पुस्तक म्हणून काढते आहे, चाळीस रुपयांत. कृषी महाविद्यालयाच्या मुलांना फुकट देईन. फक्त त्यांनी मला विचारायचं.